मधला माणूस आता तुम्हीच

पत्र थोडक्यात असं : लिहिणाऱ्या बाई 34 वर्षांच्या, पुण्यात आयटी कंपनीत नोकरीला. माहेर माणदेशातलं. गावच्या सणगर गल्लीत पाच घरांत अजून खड्डामागावर, म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून चालवायच्या हातमागावर, घोंगडी विणली जाते. शेजारचे तात्या त्यांतले सगळ्यांत जुने विणकर. व्यापारी घोंगडीला 1500 रुपये देतो आणि जत्रेत ती दोन हजारांच्या वर विकतो, हे बघून बाईंनी तात्यांना 2000 रुपये रोख दिले आणि एका ऑनलाइन मार्केटप्लेसवर 2800 रुपयांना घोंगड्या लावल्या. पहिल्या दहा महिनाभरात गेल्या, त्यांतल्या तीन परत आल्या. एकाने लिहिलं, ‘टोचते आणि मेंढीचा वास येतो.’ दुसरी म्हणाली, लांबी सांगितल्यापेक्षा 8 सेंटीमीटर कमी. तिसऱ्याने कारणच दिलं नाही. तात्या म्हणाले, ‘पोरी, माझा माल माघारी आला कसा? त्यापरीस यापारी बरा, घेतला की घेतला.’ त्यातच एका कंपनीकडून दिवाळीच्या भेटीसाठी 200 घोंगड्यांची विचारणा आली आहे. तात्या ‘नाही जमायच्या’ म्हणतात. ओळखीच्या एकाने सुचवलं, शंभर हातमागाच्या घ्या, शंभर गिरणीच्या मिसळा, कोणाला कळतंय? बाई विचारतात : नोकरी सोडून यात पूर्ण वेळ उतरावं का? आणि ज्यांच्यासाठी हे करतेय त्यांनाच ते नको असेल तर काय करावं?

प्रिय मैत्रीण,

तुमच्या पत्रात एक वाक्य तीनदा आलंय, वेगवेगळ्या शब्दांत : मधल्या माणसाला काढायचंय. तिथूनच सुरुवात करते, कारण माझ्या मते गुंता तिथे आहे. तात्यांच्या स्वभावात नाही आणि घोंगडीच्या वासातही नाही.

तो व्यापारी नेमकं काय करतो, हे एकदा कागदावर लिहून काढाल का? तुमच्याच पत्रातून मला जे दिसलं ते सांगते. तो दारात येतो. माल उचलतो. पैसे हातावर ठेवतो, आणि लग्नकार्य असलं की माल हातात पडायच्या आधीच उचल देतो. एखादी घोंगडी कडेला वाकडी झाली, तरी पन्नास-शंभर कमी करून तीही नेतो. ओझं गाडीत टाकून जत्रेत पोचवतो, विकली गेली नाही तर घरी ठेवतो, कसर लागू नये म्हणून उन्हं देतो. आणि माल परत आला तर तात्यांना कधी कळूही देत नाही. या सगळ्याचे तो पाचशे-सातशे रुपये घेतो. जास्त घेत असेल, नाही म्हणत नाही मी. उचलीच्या ओझ्याखाली विणकर बांधला जातो आणि भाव व्यापारी सांगेल तोच होतो, हेही खरंच. पण ती कामं खरी आहेत, कोणी ना कोणी करावीच लागतात. तुम्ही ऑनलाइन दुकान लावलंत त्या दिवशी व्यापारी बाजूला झाला आणि त्याच्या जागी दोघं आले : एक मार्केटप्लेस आणि एक तुम्ही.

यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. फक्त मग हिशेबही व्यापाऱ्यासारखा मांडायला हवा. तुम्ही कमिशन आणि कुरियरचे आकडे दिले नाहीत, म्हणून मी साधारण धरते : कमिशन आणि इतर फी मिळून 15 टक्के, कुरियर घोंगडीमागे 200 रुपये, पॅकिंग 50. दहा पाठवल्या, तीन परत, म्हणजे खरी विक्री सातांची : 19,600 रुपये. त्यातून कमिशन 2,940, जायचं कुरियर 2,000, परतीचं 600, पॅकिंग 500. उरले 13,560. तात्यांना दिले 20,000. परत आलेल्या तिन्ही पुन्हा पूर्ण किमतीला गेल्या, नव्या कुरियर-पॅकिंगसकट आणि एकही न मळता, तर आणखी 6,390 हाती येतील. एकूण 19,950. म्हणजे पन्नास रुपये तोटा, आणि तुमच्या संध्याकाळी, फोटो, गावच्या फेऱ्या, पेट्रोल सगळं फुकट. तुमचे खरे आकडे घालून हाच हिशेब पुन्हा करा. नोकरी सोडायची का, याचं अर्धं उत्तर त्या कागदावरच मिळेल. उरलेलं अर्धं मी देते : आत्ता सोडू नका. पगार आहे म्हणूनच तुम्हाला तात्यांना रोख देता येतं. मार्केटप्लेसचे पैसे खात्यात यायला दिवस लागतात आणि माल परत आला तर कापलेही जातात. तेवढे दिवस कोणाचा तरी खिसा मध्ये असावा लागतो.

हे मी अक्कलखाती पैसे घालून शिकले. वीसेक वर्षांपूर्वी एका प्रदर्शनासाठी बुरुडांकडून साठ टोपल्या करून घेतल्या होत्या. म्हटलं, प्रदर्शन झालं की पैसे. भाव दुकानदारापेक्षा दीडपट. पहिल्या तीस आल्या, पुढच्या तीस आल्याच नाहीत. मी गेले तर अंगणात माझ्याच मापाच्या टोपल्या दुकानदाराच्या टेम्पोत चढत होत्या, कमी भावात. मी चिडले, शब्द पाळला नाही म्हणाले. त्या मावशी शांतपणे म्हणाल्या, ‘बाई, तुमचा दीडपट महिन्यानं येणार, पीठ आज संपलं.’ वर आलेल्या तिसांतल्या निम्म्यांना भुंगा लागला, कारण बांबू पावसाळ्यात तोडलेला. तो हट्ट माझा होता, प्रदर्शन श्रावणात म्हणून.

आता तात्यांचं ‘नाही जमायच्या’ बघू. तुम्हाला तो नकार वाटला. मला तो हिशेब वाटतो. घोंगडीच्या उभ्या सुताला चिंचोक्याची खळ लावतात. बोळात किंवा मोकळ्या अंगणात सूत ताणून, कुंच्यानं खळ फिरवून, उन्हात वाळवायचं, तरच ते मागावर तुटत नाही. पावसात हे काम होत नाही. तुमचं पत्र आषाढातलं, कंपनीला माल हवा दिवाळीत. तुम्हीच लिहिलंय की एका मागावर महिन्याला सहा-सात निघतात, तेही सूत असेल तर. पाच माग, साडेतीन महिने, पाऊस धरलाच नाही तरी शंभर-सव्वाशेच्या वर गाडी जात नाही. तात्यांनी हे गणित एका श्वासात केलं आणि दोन शब्दांत सांगितलं.

आणि ‘सूत असेल तर’ हे तुम्ही कंसात लिहिलंय. ते कंसाबाहेर काढा. मेंढी कातरली, लोकर निवडली, पिंजली, की चरख्यावर सूत कोण काढतं? तुमच्या गल्लीत बहुधा म्हाताऱ्या बायका. एका मागाला पुरेल इतकं सूत काढायला एक चरखा पुरत नाही. तुम्ही भाव 1500 वरून 2000 केलात, छान केलंत. पण सूत काढणाऱ्या आजीची मजुरी किती वाढली? विचारलंत का? कारागीर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मागावर बसलेला पुरुष येतो, फोटोही त्याचाच निघतो. पण पुढच्या पाच वर्षांत घोंगडी थांबली तर बहुतेक सुतावाचून थांबेल. वाढलेल्या पाचशेतले काही रुपये सुताच्या दरात गेले पाहिजेत, आणि ते तात्यांनी मनानं द्यावेत अशी आशा न धरता पाचही घरांसमोर बसून ठरवून.

गिरणीच्या शंभर मिसळायचा सल्ला ज्यांनी दिला त्यांना नमस्कार करा आणि विषय बदला. कळत नाही हे खोटं आहे. खड्डामागावरच्या घोंगडीची कड, तिचं वजन, मध्येच फिकट होत जाणारा काळा रंग ज्याने एकदा हाताळलाय त्याला कळतं. पण कळलं नाही असं धरा. ‘हातमाग’ लिहून गिरणीचा माल देणं ही ग्राहकाची फसवणूक आहे. शिवाय 1985 च्या कायद्याने जे 11 प्रकार हातमागासाठी राखून ठेवलेत त्यांत कांबळ-कांबळीही आहे. याहून मोठी गोष्ट अशी की ज्या दिवशी तात्यांच्या नावाखाली दुसऱ्याची घोंगडी जाईल, त्या दिवशी तुमच्याकडे व्यापाऱ्यापेक्षा वेगळं असं काही उरणार नाही. तो तरी तात्यांचीच विकतो.

मग कंपनीला काय सांगायचं? खरं सांगा. दिवाळीला 40 मिळतील, बाकीच्या पाऊस संपल्यावर, थंडी सरायच्या आत जमतील तेवढ्या. निम्मे पैसे आगाऊ, त्यातून आताच लोकर आणि सूत धरून ठेवता येईल. किंवा घोंगडीच्याच सुताची लहान आसनं घ्या म्हणावं, त्यांना सूत आणि वेळ दोन्ही कमी लागतं. (आसनांचं तात्यांना आधी विचारा. रुंदी बदलली की ताणा, म्हणजे मागावरचं उभं सूत, नव्याने लावावा लागतो, त्याचा वेगळा दर होतो.) कंपनी नाही म्हणाली तर नाही. दोनशेची ऑर्डर हुकली म्हणून कोणी उपाशी राहत नाही, पण दोनशेची घेऊन शंभरावर अडकलात तर पाच घरं आणि तुमची गावातली पत, दोन्ही जातं.

आता त्या तीन परतीच्या. इथे माझा तुम्हाला जरा राग आलाय, प्रेमाचा. तुमच्या दुकानातला मजकूर तुम्ही पत्रासोबत पाठवलात : ‘मऊ, उबदार, पारंपरिक’. मैत्रिणी, दख्खनी मेंढीची लोकर मऊ? तुम्ही लहानपणी त्या घोंगडीवर निजलाय. ती टोचतेच. म्हणून तर लोक ती खाली अंथरतात आणि वर सुती पासोडी घालतात, किंवा राखणीला जाताना खोळ करून पागोट्यावरून घेतात. पावसात भिजली तर वास येतोच. ज्याने ‘टोचते’ लिहिलं त्याने घोंगडीचं खरं वर्णन केलं, खोटं तुमच्या पानावर होतं. आणि तात्यांना लागलं ते हेच : त्यांनी जे कधी सांगितलं नाही त्यासाठी त्यांचा माल माघारी आला.

तेव्हा पानावर सरळ लिहा : खरखरीत आहे, अंगाला टोचते, वर चादर घाला. नव्या घोंगडीला लोकरीचा वास असतो, चार दिवस उन्हात टाका. सारखी धुऊ नका. ठेवताना कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला, नाहीतर कसर लागेल. रंग मेंढीचा आहे, दोन घोंगड्या सारख्या नसतील. एक फोटो उजेडात काढलेला, अगदी जवळून, सुताचे बारीक केस दिसतील असा. यानं विक्री कमी होईल, होऊ द्या. ज्याला मऊ ब्लँकेट हवंय त्याने ते दुसरीकडून घ्यावं, त्याच्या जाण्यायेण्याचं कुरियर तुम्ही का भरायचं?

परत येणाऱ्या मालाचा नियम आजच ठरवा, आणि तो असा असू दे की विणकराला परतीचं कळायचंही कारण पडू नये. एकदा तुम्ही बघून घेतलीत की ती तुमची. वीण सैल असेल, कड सुटली असेल तर घेतानाच सांगा. नंतर नाही. ‘घेतला की घेतला’ हे तात्यांचं वाक्य तक्रार म्हणून ऐकू नका, ती त्यांची अट आहे, आणि धंद्यात ती अगदी रास्त आहे.

कुरियरमध्ये एक चोरवाट असते, तीही सांगते. कुरियरवाले खरं वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त ते धरतात. बहुतेक ठिकाणी लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून पाच हजारांनी भागतात. अडीच-तीन किलोची घोंगडी सैल घडी घालून 45 बाय 35 बाय 20 च्या खोक्यात टाकलीत तर हिशेब 6.3 किलोचा होतो. तीच सुतळीनं आवळून 40 बाय 30 बाय 12 मध्ये बसवलीत तर 2.9. घोंगडीला चुरगळण्याची भीती नसते, तेव्हा गुडघा ठेवून आवळा. व्यापारी गाडीत रचताना तेच करतो.

कर आणि कागदांचं थोडक्यात, कारण अशाच अडचणीची आणखी चार पत्रं आली आहेत. वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत आणि माल महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात जाणार असेल, तर 1 ऑक्टोबर 2023 पासून जीएसटी नोंदणीशिवायही मार्केटप्लेसवर विकता येतं. जीएसटी पोर्टलवर पॅन देऊन एनरोलमेंट क्रमांक मात्र घ्यावा लागतो. ही सवलत एका राज्यापुरती आहे. बेंगळुरूच्या भाच्याने एक मागवली तरी ती लागू राहत नाही, म्हणून ‘भारतभर डिलिव्हरी’चं बटण दाबण्याआधी सीएला दोनशे-पाचशे द्या आणि विचारा. विक्रेता म्हणून नाव तुमचं असेल तर हे सगळं तुमच्यावर येतं, तात्यांवर नाही. ते तसंच बरं. एका ताईंनी विचारलंय की पीएम विश्वकर्मा योजनेतून विणकरांना काही मिळेल का. 2023 साली सुरू झालेल्या त्या योजनेत 18 कामं आहेत, टोपल्या-चटया विणणारे, चांभार, कुंभार, खेळणी करणारे आहेत, पण मागावरचे विणकर नाहीत. विणकरांनी हातमाग विभागाचं विणकर ओळखपत्र आहे का ते बघावं. केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाचं इंडियाहँडमेड हे पोर्टल विणकर आणि कारागिरांसाठीच आहे आणि कमिशन घेत नाही. बचत गट असेल तर उमेद अभियानाचं उमेदमार्ट आणि मुंबईतलं महालक्ष्मी सरस प्रदर्शन आहेच. ज्यांचा माल वेगळा त्यांनी परतीचं कारण आपल्या मालात शोधावं. कोल्हापुरी चपलांचं सगळं दुखणं मापात असतं. तिथे नंबर विचारण्यापेक्षा कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीनं आखून फोटो मागवा. सावंतवाडीच्या लाकडी फळांना खोक्यात हलायला जागा ठेवलीत तर रंग खरचटणारच.

मला विचाराल तर तुमच्या घोंगडीला पहिली दोन वर्षं मार्केटप्लेसपेक्षा माणसं दिसणारी जागा बरी. पुण्यात भीमथडीसारखी जत्रा भरते, तिथे माणूस हात फिरवून बघतो, टोचलं तर ठेवतो, आवडलं तर नेतो, परत काही येत नाही. तिथल्या गिऱ्हाइकांचे फोन नंबर हेच तुमचं ऑनलाइन दुकान. व्हॉट्सॲपवर महिन्याला एकदा लिहा, ‘या महिन्यात बारा झाल्या आहेत’, आणि बारा संपल्या की थांबा. मार्केटप्लेसवर दोन-तीनच ठेवा, नाव सापडावं म्हणून. मार्केटप्लेसच्या यंत्रणेला माल संपलेला आवडत नाही, ती विक्रेत्याला यादीत खाली ढकलते, रोजचे मेल पाठवते. पाच मागांच्या गल्लीला ती घाई झेपणार नाही आणि झेपवायचं कारणही नाही.

तात्यांना व्यापारी सोडायला लावू नका. मागावरच्या दहातल्या सहा-सात त्याला जाऊ द्या, तीन-चार तुम्ही घ्या, आणि तुमचा भाव मात्र दोन हजारच ठेवा. काय होतं बघा. बहुधा वर्षभरात व्यापारीही सतराशेवर येईल, कारण त्याला कळेल की दुसरं दार उघडंय. तात्यांना तुमच्या दुकानातून जेवढा फायदा होईल, त्याहून जास्त कदाचित असाच होईल, आणि त्यात तुमचं नाव कुठे येणार नाही. हे चालेल ना, ते स्वतःला विचारा. तुमच्या पत्रात ‘माझ्या गावासाठी’ फार वेळा आहे, म्हणून विचारते.

आणि ‘त्यांनाच नको असेल तर’, याचं उत्तर मला माहीत नाही, कारण तुम्ही अजून त्यांना विचारलेलंच नाही. तुम्ही त्यांना भाव सांगितलात, योजना सांगितलीत, दिवाळीची ऑर्डर सांगितलीत. काय हवंय, ते विचारलेलं पत्रात कुठे सापडलं नाही. कदाचित त्यांना माग दुरुस्त करून हवा असेल. कदाचित जत्रेच्या वेळी उचल, व्यापाऱ्याऐवजी तुमच्याकडून. कदाचित नातवाला तुमच्या कंपनीत चिकटवायचं असेल आणि घोंगडीचं काही पडलेलं नसेल. त्यातही काही चूक नाही.

राहिली ती 8 सेंटीमीटरची तक्रार. तात्या घोंगडी हातानं मोजतात, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक हात. तुम्ही त्यांचे सहा हात घेऊन, दर हात 18 इंच धरून पानावर लिहिलेत. पुढच्या खेपेला गावी जाल तेव्हा शिंप्याची टेप घेऊन जा आणि त्यांचा हात मोजून या. तुमची ती गिऱ्हाईक तक्रार करतेय त्या हिशेबाने तो साडेसतरा इंच भरायला हवा.